पन्नास मिलिअँप

चावी लांब ठेवा, त्या लोखंडी कपाटात.
बॉनेट उघडं असू दे, पण कडी स्क्रूड्रायव्हरने मिटवा,
गाडीला वाटू दे की ते बंद आहे.
आता दाराला हात लावायचा नाही.
चाळीस मिनिटं थांबा.
तिला झोप लागू द्या.

हे मी दर सत्रात सांगतो
आणि दर सत्रात कुणीतरी हसतं.
यंदा हसला येइसन, कोलंबियाचा,
पहाटे तीनपर्यंत पिझ्झे पोचवून आलेला;
हसता हसता टायरांच्या ढिगाला टेकला
आणि गाडीआधी तोच झोपला.
मी उठवलं नाही.

अ‍ॅडलेडच्या उत्तरेला, याच रस्त्यावर
मी गाड्या जोडायचो, तेव्हा
दोष म्हणजे आवाज होता, वास होता,
नखात अडकलेलं काळं तेल होतं.
कारखाना गेला. मी फळ्यापाशी आलो.
आता दोष म्हणजे एक अक्षर आणि चार आकडे,
आणि ही मुलं समुद्र ओलांडून, कर्ज काढून
ते आकडे वाचायला शिकतात.

गाडी मिसेस मानोलाकिसांची.
वर्षात तिसरी बॅटरी.
संध्याकाळी धडधाकट, सकाळी मढं.
दोन गॅरेजांनी पैसे घेऊन हात वर केले.
स्कॅनर म्हणाला, दोष नाही.
मीटर म्हणाला, चारशे दहा.
झोपलेल्या गाडीला पन्नास पुरतात, मुलांनो.
वरचे तीनशे साठ कोण पितंय?

तिलकने फ्यूज उपटायला हात घातला,
मी मनगट धरलं.
उपटलास तर सगळं घर जागं होईल, बाबा,
पुन्हा चाळीस मिनिटं.
फ्यूजच्या पाठीवर दोन टोकं टेकव,
चोराला कळता कामा नये आपण मोजतोय.
तिलक घर्ती, रोल्पाचा. इंग्रजी अडखळतं, हात नाही.
आपल्या भाषेत पुटपुटत एकेक मोजत गेला,
एकोणिसाव्यावर थांबला,
पुढे गेला,
परत आला.

एकोणिसाव्याच्या हाताखाली अर्धी गाडी:
दिवे, काचा, कुलपं, वायपर.
यातलं कुठलं, मी विचारलं.
कुणी बोलेना.
वान्जीरु मागे उभी होती
डिकीच्या पत्र्याला कान लावून.
वृद्धाश्रमात रात्रपाळी करते ती,
बारा खोल्यांतले श्वास दाराबाहेरून ओळखते.
म्हणाली, आत कुणीतरी टिचकी मारतंय.

मला काही ऐकू येईना.
माझे कान कारखान्याने केव्हाच खाल्लेत.
तिनं पत्र्यावर बोटानं वाजवून दाखवलं:
एक.
मग बराच वेळ काही नाही.
एक.

डिकीच्या कुलपात नखाएवढा स्विच,
पाणी शिरून हिरवा पडलेला.
डिकी घट्ट बंद, आणि गाडी रात्र रात्र समजत होती
की ती उघडी आहे,
कुणी सामान उतरवतंय,
अजून एक पिशवी असेल, अजून एक,
मध्येच कसं झोपायचं?

नवा स्विच अठरा डॉलरला.
पुन्हा चाळीस मिनिटं. सत्तावीस मिलिअँप.
येइसन डोळे चोळत म्हणाला, लागली का झोप?

मूल्यांकनाच्या कागदावर चौकटी दोनच:
सक्षम. अजून सक्षम नाही.
स्कॅनर जोडला का, मीटर नीट लावला का,
हातमोजे घातले का, सगळं विचारलंय;
कान लावला का, हे नाही.
वान्जीरुच्या कागदाच्या समासात मी लिहिलं: ऐकते.
ऑफिसातून विचारणा आली,
मिस्टर केर्निक, ही नोंद कुठल्या निकषाखाली धरायची?
बघून सांगतो म्हटलं.
अजून सांगितलेलं नाही.

मिसेस मानोलाकिस गाडी न्यायला आल्या.
बिल दोनदा वाचलं, आमच्याकडे संशयाने पाहिलं,
भाजीची पिशवी मागे ठेवली
आणि डिकी आपटली,
मग न उघडताच
पुन्हा एकदा दाबून पाहिली.