अंगठा

कांदोळीच्या फ्लॅटातली निळी बाटली
नळ लखलखवायची.
माझा अंगठा मात्र
पिर्णच्या रेशन दुकानातल्या यंत्राला पटेनासा झाला.
"पूस, परत ठेव," उसगावकर म्हणाला.
तीनदा पुसला. तांदूळ दुकानातच राहिले.

मग परसातली बिंबलं नेली डब्यातून,
नारळाचं सोडण, मीठ,
बाटलीच्या तळाशी उरलेला माडाचा शिरका.
बाईनं वास घेऊन विचारलं, लोणचं घालतेस?
घालते म्हटलं, तुमच्या बेसिनचं.

बिंबलंही चावतात हाताला, खोटं कशाला बोलू;
पण रात्री खोबरेल चोळलं की विसरतात.

चवथीच्या आदल्या आठवड्यात
यंत्र एकदाच किणकिणलं, हिरवं झालं.
मी अंगठा उन्हात धरला:
बारीक गोल ओळी,
अंगण सारवताना बोटं फिरावीत
तशा.
"चल, पुढचा कोण?" उसगावकर म्हणाला.