उपसलेली माती

यॉर्कशरच्या खडूच्या टेकड्यांवर
मर्टल हेब्डनच्या शेताच्या कडेने
एक बांध जातो तीन मैल,
कुणालाही न विचारता.
बांधाला लागून चर. चरात काटेरी झुडपं,
सशांची बिळं, मेंढीची जुनी कवटी.

तीन हजार वर्षं तरी, म्हणाली खणायला आलेली पोरगी,
गुडघ्यांवर बसून ब्रशने धूळ झाडत.
तिने दाखवलं हरणाच्या शिंगाचं टोक,
खडूत रुतून मोडलेलं.
त्या दिवशी कुणीतरी कचकचीत शिवी हासडली असणार
अशा भाषेत, जिचा आज एक शब्दही उरला नाही.

नवा होता तेव्हा बांध पांढराफेक होता.
चांदण्यात पलीकडच्या टेकडीवरून दिसायचा.
दिसावा म्हणूनच घातला होता.
अडवायचं म्हटलं तर काय,
बकरीसुद्धा चढून जाईल.

मर्टलने एवढंच विचारलं :
यातलं आत कुठलं, बाहेर कुठलं?

सांगता येत नाही नक्की, पोरगी म्हणाली.
पण उपसलेली माती माणूस आपल्या अंगाला टाकतो.
चर ज्या बाजूला, ते बहुतेक परके.

चर मर्टलच्या बाजूला होता.

बांधापलीकडे सॉवरबी.
दर ऑक्टोबरात त्याचा नांगर
बोटभर बांध कोरायचा, बोटभरच,
आणि मर्टल टेप घेऊन उभी.
वकिलाची पत्रं, तोडलेली तार,
एकदा मेलेला कुत्रा, ज्याचं नाव अजून काढायचं नाही.
सॉवरबी गेला तेव्हा चर्चच्या घंटा
तिने स्वयंपाकघरात बसून मोजल्या.

चाळीस वर्षं राखली ती शीव
तिच्याच बाजूच्यांना लांब ठेवायला
कुणीतरी आखलेली.
आणि म्हातारा कोरत होता तो
स्वतःचाच बांध.

मधे एके ठिकाणी खिंड आहे.
तिथे खडू गुळगुळीत झालाय खुरांनी,
येणाऱ्या की जाणाऱ्या,
ते पोरगीलाही सांगता आलं नाही.

शनिवारी तंबू उठले.
खड्डा बुजवायला सॉवरबीचा मुलगा
ट्रॅक्टर घेऊन आला. खड्डा भरला
तरी माती उरली, उरतेच.
लोखंडी सूप उचलून धरत त्याने ओरडून विचारलं :
ही कुठल्या बाजूला टाकू?

मर्टलने चराकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.
बापासारखेच कान.
इंजिन चालूच होतं.