अस्सलबरहुकूम

वादी कबीरच्या तिसऱ्या गल्लीत, शटर अर्धं ओढून,
मी खलफानच्या बापाचा डावा गुडघा घासून टाकला.

ठाऊक नव्हतं. हातात शंभर नंबरचा पॉलिशपेपर,
बाहेर सत्तेचाळीस डिग्री, आत एक पंखा,
चौऱ्याहत्तरची होंडा, टाकी टेबलावर आडवी
आणि टाकीच्या डाव्या अंगाला, रंग उडालेला,
भाकरीएवढा डाग.
डाग दिसला की माझा हात चालतो.
उद्यमनगरात वस्तादानं हेच शिकवलेलं:
आधी पत्रा उघडा कर, मग बोल.

संध्याकाळी खलफान आला. खजूर ठेवला, कॉफी ओतली,
टाकीवरून हात फिरवला
आणि हात जिथं थांबायचा तिथं थांबला नाही,
पुढं घसरत गेला.

मग सांगितलं त्यानं.
बाप मत्रहहून फंजाला सुरमई न्यायचा.
पहाटे तीनला सुटायचा, मागं बर्फाची पेटी.
वळणावर पेटी मागं ओढायची
तेव्हा दोन्ही गुडघ्यांनी टाकी आवळून धरायचा,
बुजरं जनावर धरावं तशी.
अकरा वर्षं.
रंग गेला तो तिथंच, दुसरीकडं कुठं नाही.

मी काही बोललो नाही.
उजवी बाजू अजून तशीच होती.

त्याचा पोरगा हिलाल म्हणतो, काळी मॅट मारू,
मडगार्ड कापू, एलईडी बसवू.
शारजाहून सायलेन्सर मागवलाय त्यानं,
खोक्यावर तीन ठिकाणी लिहिलंय, ओरिजिनल.
रात्री सीट खोलली, तर पत्र्याच्या गंजात
माशाचा एक खवला,
नखाएवढा, पिवळा पडलेला.
बॅटरीचा उजेड पडला तसा चमकला.
राहू दिला.

डावा गुडघा मी परत करू शकतो, मालक.
हातात कला आहे.
उजव्याचा छाप कागदावर घ्यायचा, उलटा करायचा,
चहाचं पाणी, थोडं ॲसिड, काथ्या,
आठवड्यात अकरा वर्षं उमटवून देतो,
तुमच्या आईलाही कळणार नाही.

खलफान बराच वेळ गप्प. मग म्हणाला,
अस्ली?

हा शब्द आमच्याकडंही आहे, म्हटलं.
तुमच्या किनाऱ्यावरून गलबतातनं आलेला. अस्सल.
नक्कल हा शब्दही आला, त्याच पोत्यातनं.
माझ्या दाखल्यावर करवीर कचेरीतल्या म्हाताऱ्या कारकुनानं
लिहून दिलं होतं, अस्सलबरहुकूम नक्कल.
त्या कागदावर मी इथं आलो.
अस्सल गावी ट्रंकेत आहे,
कसर लागली म्हणतात.

त्याच्या जिभेला प नाही.
एकवीस वर्षं तो मला बरशराम म्हणतो.
पहिली दोन वर्षं मी दुरुस्त करत होतो.
परवा घरी फोन लावला, आणि तोंडातनं गेलं:
हॅलो, बरशराम बोलतोय.
बायको हसली नाही.
कोण पाहिजे, म्हणाली.

डाव्या बाजूला मी रंग दिला नाही.
नुसतं लॅकर,
खाली पत्रा दिसेल असं, माझ्या पेपरच्या ओरखड्यांसकट.
चूक माझी आहे, माझ्या नावावर राहू दे.
हिलालनं बघितलं. हे अर्धवट काय ठेवलंय?
खलफाननं त्याला उत्तर दिलं नाही, कंदुरा वर खोचला
आणि बसला.

उजवा गुडघा बरोब्बर जागेत गेला.
डावा जरा बाहेर राहिला,
नव्या शेजाऱ्याच्या दारात उभा असल्यासारखा.
चौथ्या किकला धूर, सातव्याला आवाज.
जुना सायलेन्सर, दोन ठिकाणी मीच जोडलेला.

मी शटरखाली वाकून बघत होतो.
गल्लीच्या तोंडाशी वळण आहे.
मागं पेटी नव्हती, बर्फ नव्हता, काही नव्हतं,
तरी वळताना त्यानं
दोन्ही बाजूंनी आवळून धरली.