डावीकडे कलणारी

रोज सकाळी गाडी डाव्या अंगावर बसलेली असते,
म्हाताऱ्या गाईनं पुढचा एकच गुडघा मोडावा तशी.
कॉफीचा कप टेबलावरून आपणहून सरकतो
आणि झोपेत मी घरंगळते वेंडेलच्या बाजूला,
जिथं आता दोन उशा आहेत
आणि शेकायची पिशवी.

एलकोच्या बाहेर, सेजब्रशच्या माळावर
पारा शून्याखाली गेला की रबर आकसतं,
हवा वाट शोधते.
छत्तीस फुटी गाडी, वय सव्वीस,
मागे डिझेल इंजिन, पुढे मी,
बारा टनांचा संसार सहा हवेच्या पिशव्यांवर.
तो म्हणायचा, आपण हवेवर झोपतो, ल्यू.
मी म्हणायचे, हप्त्यांवर.

स्टिअरिंगशेजारच्या कप्प्यात त्याची वही.
तेलाची बोटं, बोथट पेन्सिल:
८७,४१० मैल. मागचे दोन्ही शॉक बदलले. पाठ गेली.
८९,०२२. एअर ड्रायर नवा. टाकीतून चमचाभर पाणी निघालं.
९१,३००. ग्रीस. सव्वीस निपल झाले. सत्ताविसावा सापडत नाही.
पुढच्या प्रत्येक ग्रीसला तेच: सत्ताविसावा सापडत नाही.
आणि पहिल्याच पानावर, कागद फाटेस्तोवर दाबून,
ठोकळे लावल्याशिवाय हिच्या खाली जायचं नाही.
हवेचा भरवसा नाही.

तीस वर्षं मी शाळेची बस चालवली,
ब्रेकच्या फुसकाऱ्यावरून सांगायचे
कुठल्या चाकाचं काय दुखतंय.
पण खाली कधी गेले नाही. खाली तो असायचा.
बाहेर फक्त बूट दिसायचे,
आणि पाना मागणारा एक हात.
अर्ध्या इंचाचा मागितला की मी पाऊण इंचाचा द्यायचे,
कधी चुकून,
कधी तो काय बोलतो ते ऐकायला.

शनिवारी बेन्यात एचेगराय आला.
त्याचा आजा पिरनीज सोडून इथं मेंढ्यांमागे आलेला,
घोड्याच्या गाडीत राहिला एकोणीस वर्षं.
एक बाज, एक शेगडी, वर ताडपत्री.
आसाला मेंढीची चरबी चोळायचा, बेन्यात म्हणाला,
लांडगेसुद्धा चाकं चाटून जायचे.
खरं-खोटं त्याला ठाऊक.
बादलीत भांड्यांचा साबण कालवला,
रंगाचा जुना ब्रश माझ्या हातात दिला,
ठोकळे लावले, दोनदा लाथ मारून पाहिले.
मग म्हणाला, तू जा खाली. माझं पोट आडवं येतं.

एकाहत्तराव्या वर्षी पाठीवर सरकत गेले.
खाली वेगळंच गाव आहे.
गंज, जुना चिखल, कुठल्याशा राज्यातलं वाळकं गवत,
नळ्यांना त्यानं बांधलेल्या गाठी,
गाठींची शेंडी नीट कापलेली.
पिशवीला साबण लावला, काही नाही.
नळीला लावला, काही नाही.
मग उंची सांभाळणारी झडप, मुठीएवढी,
तिच्या सांध्यावर एक बुडबुडा आला,
त्याच्या पोटातून दुसरा, सावकाश,
झोपलेल्या तान्ह्याच्या ओठांवर येतो तसा.
सहा आठवडे मी नव्या पिशवीसाठी पैसे साठवत होते.

तिथंच, मान वळवताना,
स्टिअरिंगच्या दांड्यामागे, मातीच्या ढेपळाआड
टोचलं काहीतरी कपाळाला.
नखानं खरवडलं.
सत्ताविसावा.
मी ओरडलेच, अरे हा बघ, हा इथं आहे,
आणि बाहेर बघितलं तर बूट
तपकिरी. त्याचे काळे होते.

काय सापडलं? बेन्यातनं विचारलं.
काही नाही, म्हटलं. ग्रीसगन दे.
हात बाहेर काढला.
त्यानं पाना दिला.

कोरड्या निपलनं आधी ग्रीस घेतलं नाही.
मग टिच असा आवाज आला,
दुसऱ्या टोकाला काळं, जुनं बाहेर येऊ लागलं,
मी दाबत राहिले,
गरजेपेक्षा बरंच जास्त.

रात्री वही उघडली. पेन्सिलीला टोक केलं.
१,१२,६०५. झडप बदलली. सत्तावीस निपल.
थोडा वेळ तशीच बसले, मग पुढे लिहिलं:
आता उजवीकडून काहीतरी खडखडतंय.
उद्या बघते.