त्रेसष्ट

हजार विड्यांचे चाळीस कट्टे.
एका कट्ट्यात चोवीस निघाल्या
तर चेकर अख्खा कट्टा सुपात परत फेकतो.
वीस वर्षं मोजतेय मी,
पानं कापताना, दोरा गुंडाळताना, झोपेतसुद्धा.
म्हणून सांगते, ती पावलं त्रेसष्ट होती.

संभाजी तलावाच्या काठानं,
कडुलिंबापासून तिसऱ्या बाकापर्यंत.
लावण्यानं वॉकर पुढं सरकवला,
मग डावा पाय, मग कॅलिपरचा टक्क,
मग थांबली. पाण्यात टिबुकली बुडाली होती,
ती कुठून वर येते ते बघून झाल्यावरच
पुढचं पाऊल.
मी मागं. हात न लावता.
हजार विड्या वळणं त्यापेक्षा सोपं.
तोंडातल्या तोंडात मोजत होते
ओकटी, रेंडू, मूडू…
अरवै मूडूला ती बाकावर बसली
आणि म्हणाली, अम्मा, भूक लागली.
कडक भाकरी मोडली, दोघींनी खाल्ली.
एवढंच झालं.

बाकावर एक काका बसले होते,
त्यांचा भाचा पेपरात.
गुरुवारी तो घरकुलात आला.
किती, म्हणाला. मी म्हटलं, अरवै मूडू,
मग जीभ चावून, त्रेसष्ट.
त्यानं लिहून घेतलं.
मी सातवी शिकलेय, वाकून वाचता आलं असतं.
वाचलं नाही.
फोटोवाला म्हणाला, ते लोखंड जरा बाजूला घ्या.
घेतलं. मग ती पडू नये म्हणून
मागून धरून उभी राहिले.

रविवारी छापून आलं :
त्रेसष्ट मिनिटांत तलावाला फेरी,
चिमुकलीची अपंगत्वावर मात.
फोटोत तिच्या खांद्यावर
कुणाचीतरी चार बोटं.
विडीचं टोक कापावं तशी सफाईनं
बाकी मी कापलेली.

मंगळवारी चॅनेलवर तलाव वाढला.
तीन फेऱ्या झाल्या, सोसाट्याचा वारा सुटला,
मागं कुणीतरी बासरी वाजवली.
गल्लीत पेढे. मंडपात सत्कार,
अंगावर चादर घातली, ती येमूलांच्या मागावरची,
काठाला सुटलेला धागा मी ओळखला.
माईकवाला म्हणाला, आता चालून दाखव बाळ.
ती चालली नाही.
टाळ्या तरी वाजल्याच.

मग सिव्हिलमध्ये दाखल्याची खिडकी.
क्लार्कनं नाव वाचलं, चष्मा कपाळावर सारला,
ही तीच ना, तलाववाली?
मग हे पासष्ट टक्के कसले, मावशी?
कात्रण त्याच्याकडं होतं, काचेखाली, जपून ठेवलेलं.
पुढच्या महिन्यात या. मोठे डॉक्टर बघतील.

त्या रात्री मी दिव्याखाली वळत बसले होते.
मला वाटलं ती झोपली.
अम्मा, ती म्हणाली,
मी बाकावर बसले ते चुकलं का?
पुढं जायचं होतं का मी?
हातातलं पान फाटलं.
काय सांगणार होते मी तिला?
म्हटलं, भूक लागली होती ना तुला.
हो, म्हणाली. लागली होती.
आणि भिंतीकडं तोंड करून पडली.

परवा परत गेलो, पहाटे,
फिरणारी माणसं उठायच्या आत.
उकाडा रात्रीचाच होता, जमीन निवालीच नव्हती.
कडुलिंबापासून निघाली.
बाक पाच पावलांवर दिसत असताना
पाय थरथरला, खालीच बसली ती, धुळीत.
टिबुकली नव्हती. एक माणूस जाळं आवरत होता,
त्यानं आमच्याकडं बघितलंही नाही.
किती झाली गं, अम्मा?

पाचच तर कमी होती.
पाच विड्या कुठूनही भरून निघतात,
जुन्या सुपातून, शेजारणीकडून.
याभै एनिमिदी, मी म्हटलं. अठ्ठावन्न.

बरोबर, ती म्हणाली,
मी पण मोजत होते.
आणि हात वर केला, उठवायला.