मूळ गाव

कुतैसीच्या इस्पितळात, तळघराला लागून,
फॉर्मलिनच्या वासाची एक खोली आहे.
तिथं मी मेणाच्या वड्या कापतो,
तीन-चार मायक्रॉन जाड, म्हणजे जवळजवळ काहीच नाही.
ते काहीच-नाही कोमट पाण्यावर तरंगतं
दुधावरच्या सायीसारखं.
अलगद काचेवर घ्यायचं, मग रंग:
केंद्रकं जांभळी, बाकी सगळं गुलाबी.

काच नानुलीबाईंकडे जाते.
बाई आधी नाव वाचत नाहीत, वय नाही, पत्ता नाही.
डोळा लावून गप्प बसतात
आणि दारात आलेल्या परक्या पोरीला विचारावं
तसं पेशीला विचारतात:
तू कुणाची गं? कुठली?

कातडीची, आतड्याच्या अस्तराची, श्वासनळीची,
म्हणजे उंबऱ्यावर राहणाऱ्यांपैकी असेल
तर कार्सिनोमा.
ग्रंथीची वळणं अजून आठवत असतील तिला
तर आधी ॲडिनो लावायचं.
हाडाची, स्नायूची, चरबीची,
घर उभं धरणाऱ्यांच्या कुळातली, तर सार्कोमा.
रक्तातली बहुधा गाठ बांधतच नाही,
नुसती वाहते.

शेवटी 'ओमा' आलं म्हणून घाबरायचं नाही.
लायपोमा म्हणजे चरबीचा गोळा,
आपल्या कुंपणात राहून
जन्मभर शेजारधर्म पाळणारा.
पण मेलानोमाही ओमाच.
"नावावर जाऊ नकोस," बाई म्हणतात,
"नावं ठेवणारे घाईत होते."

एकदा अंडाशयाच्या गाठीत केस निघाले, आणि एक दाढ.
दोन दिवस मला जेवण गेलं नाही.
बाई म्हणाल्या, "तिला सगळंच व्हायचं होतं, एकदम."

खरा प्रश्न रेषेचा असतो.
अस्तराच्या पेशींच्या पायाखाली एक पातळ पडदा असतो.
वर कितीही दाटी होऊ दे, चेहरे कितीही बिघडू देत,
पडदा शाबूत असेल तर बाई कॉफी चढवतात.
एका जागी जरी ओलांडला असेल
तर चष्मा काढून टेबलावर ठेवतात.
मी पाठमोरा असलो तरी
तो आवाज मला कळतो.

मग अंक लिहायचे.
मूळ चेहऱ्यापासून किती बिघडली, ती प्रत.
किती लांब गेली, तो टप्पा.
लोक या दोन्हींची गल्लत करतात,
मीही करायचो.

मार्चमध्ये यकृताचा एक तुकडा आला,
क्रमांक सहाशे चौदा.
दारेजान नावाची बाई, बावीस वर्षं इटलीत,
बारी शहरात, दुसऱ्यांचे म्हातारे सांभाळून परतलेली.
चिठ्ठीवर लिहिलं होतं: यकृतातली गाठ.
काचेवर मात्र उंच, दाटीनं उभ्या पेशी
आणि वेड्यावाकड्या ग्रंथी.
बाईंनी आणखी दोन रंग मागवले, चार दिवस थांबल्या.
"यकृतात सापडली, पण यकृताची नाही.
मुक्काम इथं, गाव मोठं आतडं."
अहवालात तेच नाव गेलं.
कुठंही जाऊन राहिली तरी तेच जातं.

दारेजान अहवाल न्यायला स्वतः आली,
अर्थ विचारायला आमच्या खोलीपर्यंत उतरली.
बाईंनी सांगितला, काही न लपवता.
ती म्हणाली, "बारीत कोपऱ्यावरचा बेकरीवाला
बावीस वर्षं रोज विचारायचा, तू मूळची कुठली?
रोज सांगायची, तेर्जोला.
त्याला कधी पाठ झालं नाही."
मग जरा थांबून:
"गाव कळून काय फरक पडतो?"
"औषध गावावरून ठरतं," बाई म्हणाल्या.
बरी होशील, असं म्हणाल्या नाहीत.

तिला बघायचं होतं.
मी काच लावली, उजेड कमी केला,
तिच्या उंचीला खुर्ची वर घेतली.

"गुलाबी आहे," ती म्हणाली.
"मला वाटलं काळी असेल."
आणि बराच वेळ
तिनं डोळा काढला नाही.