टॉकबॅक

ओशिवऱ्याच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये, दुसऱ्या मजल्यावर.
खाली फरसाणाचा कारखाना. तळणाचा वास
दोन जाड दारं ओलांडून आत येतो,
आवाज तेवढा येत नाही.
मी रेकॉर्डिस्ट. माझं काम ऐकण्याचं, मत देण्याचं नाही.

काचेच्या त्या बाजूला कुंदाताई खोब्रागडे,
या बाजूला, माझ्या उजव्या कोपराशी, नाडगौडा.
मध्ये टॉकबॅकचं लाल बटण:
दाबलं की तो तिकडे ऐकू जातो,
सोडलं की नुसता दिसतो.
ताईंचा माइक मात्र कायम उघडा.
ही व्यवस्था मी केलेली नाही, स्टुडिओ असेच बांधतात.

पडद्यावर तुर्की मालिका, भाग एकशे बारा.
नावेवरची म्हातारी मुलाला सांगते,
पाणी चढलंय, आज जाऊ नकोस.
कुंदाताई म्हणाल्या, पानी चढलं.
बटण. "पाणी. ण."
पुन्हा. पानी.
बटण. "ताई, ण."
सातव्या टेकला त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला.
"थे बाई मासोया इकते, सर. तिले ण कोनं देल्ला?"

नाडगौडा म्हणाला, चॅनेलला चालणार नाही.
तो वाईट माणूस नाही. त्याला रात्री आठपर्यंत
तीन भाग द्यायचे होते, आणि त्याचेही पैसे
नव्वद दिवसांनीच येतात.
पण पुढे म्हणाला, येत नसेल तर तसं सांगा.

तेव्हा त्या माइकपासून वीतभर अंतरावर आल्या
आणि सावकाश, सुपात हरभरे निवडावेत तसं,
बाण. रण. गहाण. पुराण. प्रमाण.
प्रत्येक ण टाळूला लागून सुटलेला.
इतका स्वच्छ ण मी
रेडिओच्या बातम्यांतही ऐकला नव्हता.
"मले येते," त्या म्हणाल्या. "तिले येत नाही."

त्यानं बटण सोडलं.
मान माझ्याकडे वळवली, पण पुरती नाही,
आणि एक वाक्य बोलला.
विसरला, की समोरची बाई
बावीस वर्षं परक्या ओठांवर पोट भरते.
कोरियन ओठ, तेलुगू ओठ, बिस्किटाच्या जाहिरातीतल्या वाघाचे ओठ,
कुठे मिटतात, कुठे दात टेकतात,
कुठे अर्धा श्वास शिल्लक राहतो, सगळं हिशेबात.

दीड सेकंद गेला.
मग माझ्या हेडफोनमध्ये, त्याच लयीत, त्याच तुसडेपणानं,
शेवटचा त्याचा नाकातला फुत्कारही न सोडता:
"ही गावठी बाई कुणी आणली?"
दोन्ही ण जागच्या जागी.
लेव्हल बरोबर. सिंक बरोबर.

नाडगौडाचं बोट पुन्हा बटणावर होतं, दाबलेलं.
पलीकडे नुसता त्याचा श्वास जात होता.
कुंदाताईंनी हेडफोन खुंटीला लावला,
स्क्रिप्टची पानं जुळवली,
पाण्याची बाटली पिशवीत टाकली.
फाइलला नाव मशीनच देतं: पाणी, टेक आठ.
त्यानं विचारलं नाही. मी पुसली नाही.

दुसऱ्या दिवशी ठाण्याहून एक मुलगी आली. चांगली आहे.
ण व्यवस्थित.
पण म्हातारीचं धापणं, कण्हणं,
वल्हं ओढतानाचा हुंकार, खोकला,
पुढच्या दहा भागांचं सगळं आधीच झालं होतं,
आणि ते पुन्हा करायला बजेट नव्हतं.
त्यामुळे म्हातारी आता बोलते एकीच्या तोंडानं
आणि दमते दुसरीच्या.
प्रेक्षकांची एकही तक्रार नाही.

परवा कुंदाताईंचा फोन आला.
"माहा खोकला वापरून राह्यले म्हने."
म्हटलं, हो.
"मंग खोकल्याचं बिल लावा लागन."
हसल्या, आणि हसता हसता खरंच खोकला लागला.
मी ओळखला तो.
भाग एकशे चौदा, नाव किनाऱ्याला लागल्यानंतरचा.